सरहद्दीच्या मुलखातील सायकलवाटा



सायकलवर व्याख्यान आहे असे फलकावर वाचून काही मंडळींना गंमत वाटली असेल. इतिहास म्हटला की किल्ले, तह, फौजा आणि सनदा आठवाव्यात, अशीच आपली शिकवण आहे. सायकल ही ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची वस्तू. तिला कसला आला इतिहास? परंतु ज्या मुलखाला दोन-तीन पिढ्यांत अनेकदा नव्या हद्दी मिळाल्या, त्या मुलखात माणसे प्रत्यक्ष कोठून कोठे जात-येत होती हे सनदांवरून कळत नाही. ते वाटांवरून कळते. आणि साध्या माणसाच्या वाटा जाणून घ्यावयाच्या तर बैलगाडीच्या खालोखाल सायकलीलाच विचारले पाहिजे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्या मुलखात मात्र निजाम सरकारच्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सरकारी परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. आज आपण येथे सतरंजीवर निर्धास्त बसलो आहोत, तशी एक संध्याकाळ हवी असेल तर पूर्वी सरहद्द ओलांडून इंग्रजी हद्दीत जावे लागे. सरहद्द म्हणजे काय, याचा हा आपल्या आजोबा-पणजोबांना आलेला अनुभव.

पालमचे स्थान नकाशावर पाहावे. परभणी जिल्ह्याचे हे आग्नेय टोक. उत्तरेस गोदावरी, पूर्वेस नांदेड जिल्ह्यातील लोहा, दक्षिणेस लातूर जिल्ह्यातील अहमदपूर. यांतील अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. ज्या बीदरकडे आज आपण परराज्यातील गाव म्हणून पाहतो, त्याचा जिल्हा तेव्हा आपल्या शेजाराला येऊन भिडलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले; अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तीन तालुके मराठवाड्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या जिल्ह्यात गेले. १९९९ साली परभणीतून हिंगोली निघाली. पालमात जन्मलेला आणि पालमातच म्हातारा झालेला माणूस निजामाच्या राज्यात, मग हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. त्याने घर बदलले नाही. हद्दच त्याच्या दारावरून गेली.

मराठीत हद्दीला एक जुना, घरगुती शब्द आहे: शीव. संस्कृत ‘सीमा’ हेच त्याचे मूळ. पण राज्याला सीमा असते आणि गावाला शीव असते. शिवेवर दगड असतो, बाभूळ असते, म्हसोबा असतो. बैल मेला, लग्नाची वरात आली, पटकीची साथ आली, तर शिवेपाशी काही ना काही करावे लागते. सायकलवर बसलेला माणूस राज्याची सीमा आयुष्यात चार-दोनदा ओलांडील, शिवा मात्र एका सकाळी दहा ओलांडतो. आमचे सांगणे आज एवढेच आहे, की सरहद्दीचा मुलूख शिवेच्या मापाने पाहिला तर निराळा दिसतो. आणि ते माप सायकलीचे आहे.

सायकल आली कशी, हे थोडक्यात सांगतो. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ साली बाजारात आली. डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली काढला. त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले. मराठी माणसाच्या कारखानदारीतील एवढे मोठे नाव एका सायकलीच्या दुकानातून निघावे, आणि ते गावही पुढे सीमाप्रश्नाचे नाव व्हावे, हा योगायोगच. पण आम्हांस तो आवडतो. मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतील तिघे, अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा, ती पुरी करून १९२८ साली परतले. आपल्याकडे एवढी झेप नव्हती. आपल्याकडे सायकल आली ती शिक्षक, तलाठी, टपालवाला आणि कापडाचे गाठोडे घेऊन बाजार करणारा व्यापारी यांच्याबरोबर. देशात सायकली बनू लागल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना येथील कारखाने भरात आले, तेव्हा कोठे ती कुणब्याच्या दारी पोचली. तोवर ती विलायती होती आणि संस्थानात आणताना तिच्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. १८०२ च्या इंग्रज-निजाम तहात या जकातीचा दर शेकडा पाच ठरला होता. शिवाय नाणे निराळे. इंग्रजी शंभर रुपयांना हाली सिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै. म्हणजे वऱ्हाडात अमुक किमतीची सायकल पैनगंगेच्या अलीकडे आली की तिचा आकडा आपोआप फुगे, मग तिच्यावर जकात. नदी तीच, पाणी तेच, दोन्ही काठांवर ज्वारीही तीच.

आता जमिनीकडे येऊ, कारण सायकलीची वाट माणूस ठरवत नाही, जमीन ठरवते. गोदावरीच्या बाजूची आपली जमीन काळी, भारी. मृग बरसला की पहिल्या सरीतच ही माती सायकलीला धरते. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती अशी भरते की चाक फिरेनासे होते. मग काडीने माती काढायची, दहा पावले जायचे, पुन्हा काढायची, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन चालायचे. आमच्यापैकी प्रत्येकाने सायकलीला असे वाहून नेले आहे. म्हणून या भागातील सायकलवाट ही केवळ जागा नाही, ती ऋतूही आहे. दिवाळीनंतर माती टणक होते, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुळगुळीत होतात, आणि होळीपर्यंत या चाकोऱ्यांसारखी सायकलीला सुखाची वाट नाही. चाकोरीत चाक धरून ठेवण्याचे एक कसब आहे. नजर पायाखाली ठेवली तर माणूस हमखास पडतो, पुढे ठेवली तर जातो. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. एका कोसात दोन पंक्चर हा हिशेब धरून निघावे.

या काळ्या पट्ट्याच्या दक्षिणेस बालाघाटाचे फाटे लागतात. तेथे माळ आहे, मुरूम आहे, आणि पावसाळ्यातही चाक फिरते. जुन्या वाटा अशा माळावरूनच जातात, हे सायकलवर बसल्यावर आमच्या ध्यानी आले. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून देशभर फिरत. त्यांनाही चिखल नको होता. लोहा, कंधार, मुखेड या बाजूंना आजही जागोजागी तांडे दिसतात ते उगीच नव्हे. डांबरी सडक सरळ जाते, कारण तिला पूल बांधता येतात. लमाणांची वाट वाकडी जाते, कारण तिला ओढे टाळावयाचे असतात. गिअर नसलेली सायकल या बाबतीत लमाणांच्या बैलाची बहीण आहे.

पालमहून सरहद्दींकडे जाणाऱ्या तीन वाटा आम्ही धरतो. पहिली उत्तरेची. गोदावरी ओलांडून पूर्णा, वसमत, कळमनुरी असे करत ही पैनगंगेला जाते, आणि पलीकडे वऱ्हाडातील पुसद. गोदावरीवर आता पूल झाले. पण जांभूळबेटाकडे जाणाऱ्यास नदीचे जुने रूप अजून पाहावयास मिळते. सायकल होडीत आडवी घालून पैलतीर गाठण्यात जी सावकाशी आहे, तीत नदी ही हद्द का होते हे चांगले उमजते. पैनगंगा १९४८ पर्यंत निजामी मुलूख आणि वऱ्हाड यांच्यामधली सरहद्द होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, नावाला निजामाचे. १९४७-४८ मध्ये त्या काठावर उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाची केंद्रे उभी राहिली. सरहद्दीवरील केंद्रांतील स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस. त्या वर्षी या वाटांवरून निरोप, पत्रके आणि हत्यारे गेली-आली ती रात्रीची, बहुतेक पायी वा घोड्यावर. या वाटेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही येथे थांबत नाही.

दुसरी वाट दक्षिणेची, अहमदपूरकडे. ही लहान आहे, पण तिच्या शेजारी माळेगाव आहे. मार्गशीर्ष संपता संपता खंडोबाची जत्रा भरते तेव्हा घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांच्या बाजाराला चारी दिशांची माणसे येतात. या जत्रेत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी एकाच दावणीपाशी ऐकू येतात. घोड्याच्या दातांवरून वय सांगणाऱ्याला कोणतीच भाषा अडत नाही. पूर्वी आसपासची मंडळी सायकलीवर दोघे-दोघे बसून जत्रेला जात. एकाने चालवायची, दुसऱ्याने नळीवर बसून सुगडी, कंदील आणि भाकरीचे गाठोडे सांभाळायचे. माळेगावची जत्रा हाच या भागाचा खरा सीमा आयोग, असे आम्ही एकदा गमतीने म्हणालो होतो. आता तितकी गंमत वाटत नाही.

तिसरी वाट पूर्वेची, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची. पालम, लोहा, कंधार, मुखेड, देगलूर. शंभर-एक किलोमीटर. दणकट गडी एका दिवसात जाईल. आम्ही दोन दिवस घेतो, कारण पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे, भोवती पाण्याचा खंदक. गाव राष्ट्रकूटांचे, तलावाला अद्याप त्यांच्या ‘जगत्तुंग’ या बिरुदाचे नाव आहे. त्या राष्ट्रकूटांच्या दरबारी नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ झाला, आणि कानडी भाषेचा देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत, असे त्यात सांगितले आहे. गोदावरीपर्यंत, म्हणजे पालमच्या उत्तर अंगापर्यंत! पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना कानड आणि तेलंग देशांत न जाता महाराष्ट्रात राहावे असे सांगितले, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात या भागात कोठे तरी रेघ पडली होती, हे उघड आहे. पण ती नेमकी कोणत्या शिवेवर? नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह रित्ती व शेळके यांनी १९६८ साली काढला. त्यांतील पुष्कळ लेख कानडी आहेत. देगलूरजवळ होट्टलची चालुक्यकालीन देवळे उभी आहेत. त्यांच्या अंगणात खेळणारी मुले मराठीत भांडतात.

मुखेडच्या पुढे एक गोष्ट घडते, आणि ती मोटारीतून कधी दिसणार नाही. चाकाखालची माती बदलते. सह्याद्रीपासून आपल्यापर्यंत पसरलेला काळ्या दगडाचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा, प्रदेश येथे संपत येतो, आणि खालचा फार जुना ग्रॅनाइट वर डोके काढतो. गोल गोल धोंडे, एकावर एक रचल्यासारखे. माती तांबूस, भरड. सायकलीचा आवाजसुद्धा बदलतो. काळ्या मातीत ती मुकी असते, येथे खडखडू लागते. सिंदीची झाडे दिसतात, गावागावाला तळी दिसतात, कारण ग्रॅनाइटच्या खोलगट जागी पाणी अडवता येते. आणि याच पट्ट्याच्या आसपास कानावर पडणारी भाषाही बदलू लागते. दगडाने भाषा ठरते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण दगडाने पीक ठरते, पिकाने बाजार ठरतो, आणि बाजारात रोज जाणाऱ्याची जीभ बाजारासारखी वळते, एवढे तरी म्हणता येईल.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी म्हण आहे. बारा कोस म्हणजे सायकलीची बेताची एका दिवसाची रपेट. मोटारीला ते अंतर तासाचे, त्यामुळे बदल ऐकू येत नाही. पायी चालणाऱ्यास दोन दिवसांचे, तोवर कालचे बोलणे विसरते. सायकलवाल्याला मात्र सकाळी परभणीकडचे ‘काय करायलास’ ऐकू येते आणि उदगीरच्या अंगाला वळलात तर दुसऱ्या दिवशी ‘काय करलालास’. देगलूरच्या पुढे एका पंक्चरच्या दुकानी आम्ही थांबलो होतो. दुकानदार आमच्याशी दखनीत बोलला, आत आईशी तेलुगूत, आणि सुटे पैसे परत देताना मराठीत मोजले. त्याला आम्ही विचारले, तुमची भाषा कोणती? तो हसून म्हणाला, “गिऱ्हाईक बघून.”

हे सर्व सांगण्याचे कारण १९५६ ची रेघ. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने नांदेड जिल्ह्याची पूर्व कड कशी तोडली ते पाहा. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही महसुली मंडळे आंध्रात गेली. मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळेही गेली. उलट आदिलाबादेतून किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ नांदेडकडे आले. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद वगैरे भाग म्हैसूर राज्यात राहिला. घटक धरला तो तालुका किंवा मंडळ. महाराष्ट्राने पुढे कर्नाटकाशी चाललेल्या वादात ‘खेडे हा घटक’ धरावा असा आग्रह केला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे हाच मुद्दा होता, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या मुळाशीही तोच आहे. तत्त्व म्हणून ते आम्हांस पटते. भालकी-औरादच्या मराठी माणसाचे दुःख खरे आहे, हेही आम्ही जाणतो. परंतु सायकलीवरून फिरल्यावर असे दिसते की, खेडे घटक धरले तरी पंक्चरवाल्याचे घर कोणत्या बाजूला घालावयाचे हा प्रश्न उरतोच.

आणि आजची सरहद्द भाषेवरच राहिली आहे असेही नाही. धर्माबाद-बिलोली भागातील काही गावांनी २०१८ साली, आणि पुन्हा २०२२ साली, आम्हांला तेलंगणात जाऊ द्या अशी मागणी केली. कारण काय? पलीकडे शेतकऱ्याला अमुक मिळते, पलीकडे पाणी आहे, पलीकडची सडक चांगली आहे. त्या मागणीची पुण्या-मुंबईत थोडी थट्टा झाली, थोडा संताप झाला. आम्हांला दोन्ही अस्थानी वाटले. ज्याची सायकल आपल्या बाजूच्या खड्ड्यांत खिळखिळी होते आणि पुलापलीकडे गेल्यावर नीट चालते, तो माणूस दोन राज्यांची तुलना रोज करीत असतो. त्याला अस्मिता शिकविण्यापूर्वी खड्डा बुजवावा.

आता शेवटी आपल्या घरच्या वाटांविषयी. नांदेड-देगलूर आणि नांदेड-लातूर हे मोठे राष्ट्रीय महामार्ग झाले. मालमोटारी सुसाट धावतात, मध्ये दुभाजक आला. सायकलवाल्याने पलीकडे जावे कसे याचा विचार झालेला दिसत नाही. म्हणजे सायकलीने पुन्हा पांदणीकडे वळावे हे आले. पण पांदण आहे कोठे? गावनकाशात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशात असलेली ती दुहेरी रेष शेतात जाऊन पाहिली तर एकेरी झालेली आढळते, आणि कित्येक ठिकाणी तीही नांगराखाली गेलेली. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरसाल एकेक तास अधिक मारला की वीस वर्षांत पांदण नाहीशी होते. कोणीच चोरी केलेली नसते. मग तहसील कचेरीत वाद येतात. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागणारे अर्ज, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली वाट मोकळी करून मागणारे अर्ज. सरकारने २०२१ साली मातोश्री पाणंद योजना काढली. जेथे काम झाले तेथे पावसाळ्यातही बैलगाडी जाते आणि तिच्यामागून सायकलही. जेथे शेजाऱ्यांचे जमले नाही, तेथे खडी टाकायला जागाच सापडत नाही.

या वाटांवर आता सायकल कोण चालवते, हेही पाहावे. मोटारसायकल आल्यापासून बापये तिच्यावर गेले. सायकलीवर उरली ती शाळेची मुलगी. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांना, सायकली मिळतात. लेंडीला पाणी आले की वाट तुटते आणि त्या दिवशी शाळाही तुटते. पूर्वी शीव ओलांडून शिकायला जाणे ही मुलाची गोष्ट होती. आज सकाळी दहाच्या सुमारास पालमच्या कोणत्याही फाट्यावर उभे राहिलात तर दोन वेण्या घातलेल्या, दप्तर कॅरिअरला करकचून बांधलेल्या मुली चार-चारच्या रांगेने येताना दिसतील. त्या बाजूने मालमोटार आली की एकीमागे एक होतात. पांदण बुजली तर या मुलींना महामार्गाखेरीज दुसरी वाट राहत नाही, आणि पुष्कळ घरांत तेवढ्यावर शिक्षण थांबते.

म्हणून आम्ही एक लहानसे काम हाती घेतले आहे. गावनकाशावरील तुटक रेषा आणि आज चालू असलेल्या वाटा ताडून पाहावयाच्या, आणि ज्यांनी पूर्वी या वाटा सायकलीने तुडवल्या त्यांच्याकडून गावांची, ओढ्यांची, थांबण्याच्या झाडांची नावे उतरून घ्यावयाची. पूर्वेची वाट देगलूरपर्यंत बरीचशी भरली आहे. माळेगावच्या बाजूचीही अर्धी झाली. उत्तरेच्या पानावर मात्र गोदावरीच्या पुढे फारसे काही नाही. श्रोत्यांत अशी वडीलधारी मंडळी असतील, की जी वसमत-कळमनुरीकडे लग्नाला, बाजाराला वा नोकरीला सायकलीने गेली असतील. त्यांनी जाताना क्षणभर थांबावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, आणि लिहून घेण्यास तेथे एक विद्यार्थिनी बसली आहे.